बांधामागे राहायचं, घर उचलायचं की जागा सोडायची?

अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनाच्या सखल पूर्व भागात घर असेल, तर वादळाच्या ‘कॅटेगरी’वर भिस्त ठेवू नका. ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते. 2018 मध्ये फ्लॉरेन्स हे वादळ कॅटेगरी 1, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं, म्हणून किनाऱ्यावर आलं, रेंगाळलं आणि काही ठिकाणी 30 इंचांहून जास्त पाऊस पाडून गेलं. समुद्रापासून बरंच आत असलेलं लंबर्टन शहर 2016 च्या मॅथ्यू वादळानंतर दोनच वर्षांत पुन्हा बुडालं.

बांध. खर्च आपल्या खिशातून नाही, म्हणून हा पर्याय सगळ्यांना आवडतो. मला तो एकटा पुरेसा वाटत नाही. टार नदीकाठचं प्रिन्सव्हिल हे गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेलं गाव. तिथे 1960 च्या दशकात बांध झाला. 1999 मध्ये फ्लॉइड वादळाने गाव बुडवलंच, आणि 2016 मध्ये बांध उभा असताना पाणी त्याला वळसा घालून आत शिरलं. लंबर्टनमध्ये महामार्गाखालून रेल्वे जाते तिथे बांधाची रांग तुटते; त्या मोकळ्या जागेतून पाणी आलं. भिंत किती उंच, यापेक्षा ती कुठे तुटक आहे, हे आधी विचारा.

घर उचलणं. राहता मजला पुराच्या अपेक्षित पातळीच्या वर नेला की नुकसान खूप घटतं. विम्याचा हप्ताही कमी होऊ शकतो. पण रस्ता खालीच राहतो. नदीची पातळी पाऊस थांबल्यावरही चढत राहते, कधी लख्ख ऊन पडल्यानंतर काही दिवसांनी कळस गाठते. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, तर वेढलेलं कोरडं घर कामाचं नाही.

सरकारला विकणं. हे ऐच्छिक असतं. केंद्राच्या निधीतून सहसा 75 टक्के वाटा येतो आणि जमीन कायमची मोकळी ठेवली जाते. पैसे हाती यायला अनेकदा वर्षं जातात, शेजार विखुरतो. फ्लॉइडनंतर प्रिन्सव्हिलने हा मार्ग नाकारला. पूर्वजांचं गाव सोडवत नाही, हे मी समजू शकतो. तरीही घरात दोनदा पाणी शिरलं असेल आणि रस्ताही बुडत असेल, तर मी विकण्याच्याच बाजूचा.

राहणार असाल, तर पूर विमा वेगळा काढा. नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. राष्ट्रीय योजनेत घराच्या इमारतीसाठी कमाल 2,50,000 डॉलर मिळतात आणि संरक्षण साधारणपणे 30 दिवसांनी सुरू होतं. वादळ नकाशावर दिसल्यावर काढलेली पॉलिसी त्या वादळाला उपयोगी पडत नाही.