घरचा पाव की हातचा स्वेटर?

निवृत्तीनंतर रोजचा छंद म्हणून पाव भाजावा की स्वेटर विणावेत, असं गोव्यातल्या फोंड्याच्या मावशी विचारत होत्या.

खर्चात विणकाम हलकं: सुया नि लोकर पुरे. पावाला ओव्हन हवा, पुढे मैदा-यीस्ट स्वस्तच.

वेळेचं गणित मात्र वेगळं. पीठ तुम्हाला बांधून ठेवतं. आपल्या उकाड्यात ते भराभर फुगतं आणि आंबूस होतं. म्हणून यीस्ट कमी, पाणी गार, नाहीतर रात्रभर फ्रिजमध्ये. विणकाम केव्हाही बाजूला ठेवता येतं, चुकलेले टाके उसवता येतात. करपलेल्या पावाला उपाय नाही.

उपयोगाचं म्हणाल तर दारात पोदेर, म्हणजे आपला पाववाला, उंडे, पोळी असे गोव्याचे पाव आणतोच, आणि त्याच्या लाकडाच्या भट्टीची चव घरच्या ओव्हनला येत नाही. तेव्हा तो आणत नाही ते करा, नाचणीचा किंवा तिळाचा पाव. स्वेटरची इथे गरज क्वचितच. पणजीत जानेवारीतही रात्रीचा पारा 20 अंशांच्या आसपास असतो. शिवाय पावसाळ्यात लोकर दमट होते, हवाबंद ठेवावी लागते.

घरात खाणारी माणसं असतील आणि सकाळ मोकळी असेल, तर पाव. डोळे चांगले असतील, नातवंडं थंड गावी असतील, तर विणकाम. मावशींची नात पुण्यात आहे. मी त्यांना सुयाच घ्यायला सांगितल्या.