वावरातली कपाशी चाचणी: आखणी चोख, अहवालाचं पहिलं पान मात्र बदला

आमच्या दारव्हा तालुक्यात कृषी पदवीधर पोरांचा एक गट शेतकऱ्याच्याच वावरात चाचणी मांडून देतो. बियाणं, खत, मजुरी आपली. आखणी, वजनं आणि अहवाल त्यांचा. मागच्या खरिपात कोरडवाहू बीटी कपाशीवर मी त्यांच्याकडून दोन प्रश्न एकदम लावून घेतले. लागवड 90 × 45 सें.मी. वर (दोन तासांत म्हणजे ओळींत 90, दोन झाडांत 45) करायची की 90 × 15 वर, आणि नत्र शिफारशीइतकं द्यायचं की दीडपट.

आखणीला पैकीच्या पैकी गुण. माझं वावर नाल्याकडे उतरतं, वर मुरमाड आणि खाली काळी भारी. पोरांनी उताराला आडवे तीन पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्यात अंतर आणि नत्राच्या चारही जोड्या बसवल्या. कोणती जोडी कुठल्या तुकड्यात, हे धुऱ्यावर बसून चिठ्ठ्या टाकून ठरवलं. त्यामुळं चांगली जमीन एकाच जोडीच्या वाट्याला गेली असं कोणी म्हणू शकत नाही. वेचणीला कडेची तासं सोडून मधल्याच तासांचा कापूस तोलला. प्रत्येक तुकड्याची पिशवी वेगळी, एक चिठ्ठी आत, एक तोंडाला बांधलेली. वेचणाऱ्या बायांमध्ये गल्लत होऊ नये म्हणून पोरं स्वतः तासात उभी राहिली.

तुकडे 12 च, पण नत्राचा हिशेब सहा विरुद्ध सहा तुकड्यांचा झाला आणि अंतराचा हिशेबही त्याच बारांतून सहा विरुद्ध सहाचा. एका वर्षी खत, दुसऱ्या वर्षी अंतर असं पाहत बसलो असतो तर जागा जास्त गेली असती आणि दोन सालांचा पाऊसही वेगळा पडला असता. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या फिशर या संख्याशास्त्रज्ञानं 1926 मध्येच एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याला विरोध केला होता. त्याचा फायदा मी माझ्या वावरात पाहिला.

आता तक्रार. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक छापलंय: ‘नत्राचा मुख्य परिणाम: एकरी अर्धा क्विंटल वाढ’. हिशेब बरोबर आहे. पण पान उलटा. 45 सें.मी. वर नेहमीच्या नत्रात एकरी 6 क्विंटल, दीडपट नत्रात 8, म्हणजे दोन क्विंटल वाढ. 15 सें.मी. वर नेहमीच्या नत्रात 9, दीडपटीत 8, म्हणजे एक क्विंटल घट. वाढ दोन, घट एक, सरासरी अर्धा. मुख्य परिणाम म्हणजे दुसऱ्या घटकाच्या सगळ्या पातळ्यांवर काढलेली सरासरी. तो अर्धा क्विंटल माझ्या कोणत्याच पऱ्हाटीला लागलेला नाही. दाट लागवडीत जास्त नत्रानं पऱ्हाटी नुसती पाल्यावर गेली, खालच्या बोंडांना ऊन मिळालं नाही, बोंडं सडली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

गटाच्या व्हॉट्सअॅपवर मात्र पहिलंच पान गेलं. शेजारचा पोरगा तेवढंच वाचून विचारायला आला, “काका, म्हंजे युरियाचं एक पोतं वाढोलं तं चालते नं?” त्याची लागवड 15 वर आहे. मागचं पान काढून दाखवलं तेव्हा त्यानं पोतं परत ठेवलं.

आंतरक्रियेचा, म्हणजे अंतर बदललं की नत्राचा परिणामही बदलतो त्याचा, फरक क्रांतिक फरकाच्या (एवढ्यापर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, त्या मर्यादेच्या) वर गेला आहे, हे पोरांनीच मागच्या पानाच्या तळाशी लिहिलंय. तसं असेल तिथं चार जोड्यांचा तक्ता आधी यायला हवा आणि मुख्य परिणाम त्याच्या खाली. दोन्ही अंतरांवर नत्रानं सारखीच वाढ दिली असती, तर मात्र एक आकडा पुरला असता आणि तो डोळे झाकून वापरता आला असता. हे मी त्यांना लेखी कळवलंय, त्यांनी ऐकूनही घेतलं.

सेवा घ्याच, मीही यंदा पुन्हा घेतोय. मृगाच्या आधीच भेटा, कारण पट्टे आणि चिठ्ठ्या पेरणीपूर्वीच व्हाव्या लागतात. अहवाल हाती आला की आधी चार जोड्यांचा तक्ता मागा.