मासिक हिशेब की तासागणिक सिम्युलेशन?

कार्यालय, रुग्णालय किंवा मॉलला वर्षभरात किती ऊर्जा लागेल, हे काढायचे दोन मार्ग आहेत. मासिक पद्धतीत महिन्याचं सरासरी तापमान आणि ऊन धरून उष्णतेचा जमाखर्च मांडतात. भिंती-स्लॅबमध्ये साठणारी उष्णता एका गुणांकात उरकली जाते. माहिती कमी लागते, निकाल झटपट येतो आणि दोघांनी वेगवेगळे काढलेले आकडे सहसा जुळतात. इमारतीच्या ऊर्जा-प्रमाणपत्रापुरतं तेवढं बास.

तासागणिक सिम्युलेशन वर्षाचे ८,७६० तास एकेक करून सोडवतं. दुपारी काचेतून येणारं ऊन, त्याच वेळी भरलेलं सभागृह, रात्री निवणारा स्लॅब, हे सगळं त्यात दिसतं. एसीचा भार मोठा असेल तर मी हेच निवडेन, कारण सरासरीत दुपारचा कळस बुडून जातो. मात्र वापराचं वेळापत्रक अंदाजाने भरलं (आणि बहुतेकदा तसंच भरतात!), तर ही अचूकता नुसती दिखाऊ.

२०१७ च्या आयएसओ ५२०१६-१ या इमारतींच्या ऊर्जेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही पद्धती आहेत. या ऊर्जेमागचं कार्बन उत्सर्जन मोजताना वीज आणि गॅस वेगळे ठेवून आपापल्या उत्सर्जन गुणांकाने (एका युनिटमागे किती कार्बन, त्या आकड्याने) गुणायचे. ग्रिडच्या विजेमागचं उत्सर्जन दिवसभर बदलतं. सौर पॅनेलची वीजही दिवसाच मिळते, त्यामुळे ती असतील तर मासिक बेरीज फसवी ठरू शकते.