डीलरने ब्लफ केला म्हणे!

एकूण गेले ₹२,३१,१००. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे लाजेने कमी सांगेन.

टेलिग्रामवरचा एक 'सर'. पोकर आणि ब्लॅकजॅकचा कोर्स, फी ₹१२,५००. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना शेजारच्या गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या कॅसिनो बोटींचं काही अप्रूप नाही, त्यात आंब्याचे पैसे नुकतेच आलेले. आणि धडे खरे होते हो! पोकरमध्ये समोर माणसं असतात, त्यांची चाल ओळखायची, हातात काही नसताना दम द्यायचा, म्हणजे ब्लफ. घर, म्हणजे कॅसिनो, फक्त पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) कमिशन कापतं. ब्लॅकजॅकमध्ये ओळखायला कुणी नाहीच. डीलर, म्हणजे पानं वाटणारा घराचा माणूस, पानांची बेरीज १६ पर्यंत असली तर पान घेणार, १७ झाले की थांबणार. कधी पान घ्यायचं, कधी थांबायचं याचा तक्ता पाठ करून बिनचूक खेळलात तरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास फायदा घराचाच.

मग त्यांच्या अ‍ॅपवर ₹४०,०००, नंतर ₹८५,०००.

आणि ती रात्र. डीलरचं उघडं पान सहा, म्हणून मी १४ वर थांबलो. तक्त्याप्रमाणे बरोबर. डीलर १५ वर थांबला आणि डाव घेऊन गेला! सरांना विचारलं तर म्हणे, "डीलरने ब्लफ केला. इथेच पोकरची बुद्धी लागते." अरे, ज्याच्या हातात निर्णयच नाही तो ब्लफ कसला करणार? हे त्यांनीच शिकवलेलं. पण पुढचे डाव मी जिंकत गेलो, खात्यात ₹३,१२,००० दिसायला लागले. जिंकताना नियम कोण तपासतो? तुम्ही तपासले असते?

पैसे काढायला गेलो तर "३० टक्के टॅक्स आधी भरा". भरले ₹९३,६००. अ‍ॅप बंद. टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापतात, वेगळा मागणारा चोरच.

१९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लगेच लावा, सकाळची वाट बघू नका. मी लावला, तक्रार नंबर मिळाला, पुढे शून्य. पोलीस ठाण्यात साहेब हसले, "जुगार खेळाक तुका कोणी सांगितल्यान?" वर, तुझ्यावरच केस होईल अशी भीती. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे मी त्यांना सांगायचं? तिथून जिल्ह्याला पिटाळलं, जिल्ह्याने बँकेत. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात, आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, ग्रुप रातोरात उडतो.

आता एकाचा फोन येतो, पैसे परत मिळवून देतो, फी ₹४,९९९. माझा तक्रार नंबर त्याला तोंडपाठ आहे. तो त्याला दिला कुणी?