ऑफशोअर लीक्स डेटाबेस: नाव सापडल्यानंतरचे वाचन

लेखापरीक्षण शिकवताना मी आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ‘ऑफशोअर लीक्स डेटाबेस’ वर्गात नियमितपणे वापरते. 2013 मध्ये खुला झालेला हा संग्रह विनामूल्य असून पनामा, पॅराडाइज आणि पँडोरा पेपर्ससारख्या फुटलेल्या कागदपत्रांतील आठ लाखांहून अधिक कंपन्या, ट्रस्ट व प्रतिष्ठानांच्या नोंदी त्यात शोधता येतात. ऑफशोअर कंपन्यांचे, म्हणजे मालकाच्या देशाबाहेर, बहुधा कमी कर असलेल्या ठिकाणी नोंदलेल्या कंपन्यांचे, कायदेशीर उपयोगही असतात आणि संग्रहात नाव आहे एवढ्यावरून कोणी कायदा मोडला असे ठरत नाही, ही सूचना तिथे सुरुवातीलाच वाचायला मिळते. ती घाईने पुढे ढकलू नये, असे मला मनापासून वाटते.

एखादी कंपनी उघडली की मध्यभागी ती आणि तिच्यापासून निघणाऱ्या रेषांच्या टोकांना भागधारक, संचालक, मध्यस्थ व पत्ता असे चित्र दिसते. पनामा पेपर्स ज्या कायदा कंपनीतून फुटले त्या मोसॅक फोन्सेकाच्या दप्तरातील सुमारे 2 लाख 14 हजार कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या भागधारकाच्या जागी माणसाचे नाव नसून नुसते ‘द बेअरर’ असे लिहिलेले आढळते. बेअरर चेक ज्याच्या हातात असेल त्याला बँक पैसे देते, तसाच हा शेअरचा कागद ज्याच्या हाती तो कंपनीचा मालक. मालक बदलला तरी कुठल्याही नोंदवहीत त्याची खूण उरत नाही. पाठ्यपुस्तकातील लाभार्थी मालकाची, म्हणजे कागदावर कोणाचेही नाव असले तरी प्रत्यक्ष फायदा घेणाऱ्या माणसाची, व्याख्या पाठ करूनही जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते हा एक शब्द पाहताच उतरते.

मात्र या संग्रहातला सर्वांत मोलाचा रकाना माझ्या मते स्थापनेच्या तारखेचा आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तींना ठरावीक रक्कम परदेशी पाठवण्याची सर्वसाधारण मुभा रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेने 2004 मध्ये प्रथम दिली, आणि ती वार्षिक मर्यादा 2015 पासून अडीच लाख डॉलर आहे. त्यामुळे 1998 सालची कंपनी आणि 2014 सालची कंपनी यांच्याबाबत विचारायचे प्रश्नच वेगळे होतात. पुढे 2015 च्या काळा पैसा कायद्याने अघोषित परदेशी मालमत्तेवर 30 टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड ठेवला, तर जाणूनबुजून केलेल्या करचुकवेगिरीसाठी तीन ते दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद केली. विवरणपत्रात रीतसर दाखवलेली पण केवळ कर वाचवण्यासाठी उभारलेली रचना ही निराळी गोष्ट आहे. ती 1 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या ‘गार’ (करटाळणी रोखणाऱ्या सर्वसाधारण) नियमांच्या कक्षेत येऊ शकते.

चुकवणे आणि टाळणे यांतला हा भेद पडद्यावरच्या चित्रातून कळत नाही, कारण बँक खाती, व्यवहार आणि ईमेल संघटनेने सरसकट प्रसिद्ध केलेले नाहीत. खासगीपणाचा विचार करता तो निर्णय मला योग्य वाटतो. तथापि एकाच नावाची अनेक माणसे असतात, विशेषतः आपल्याकडची आडनावे रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात, म्हणून पत्ता व देश जुळवून पाहिल्याशिवाय कोणाविषयी एक शब्दही बोलू नये, असा नियम मी वर्गात घातला आहे.

पनामा पेपर्सची माहिती 2015 पर्यंतचीच आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. आजची मालकी पाहायची असेल आणि ती ब्रिटनमधल्या जमीनजुमल्याची असेल, तर ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेली तिथल्या कंपनीज हाउस या कंपनी नोंदणी कार्यालयाची परदेशी कंपन्यांची नोंदवही सोबत उघडावी. जमीन धारण करणाऱ्या परदेशी कंपनीला आपला खरा मालक तिथे जाहीर करावा लागतो.