पणजीतल्या हॉटेलचं ‘कॉन्फरन्स इंटरनेट’: लग्नाला उत्तम, इंजिनिअरांना अपुरं

दोना पावलाच्या वाटेवरचं हे मोठं हॉटेल. हॉल देखणा, सोलकडी झकास, १०० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनचा (फक्त हॉटेलसाठी राखीव भाड्याच्या जोडणीचा) वेगही खरा. भानगड वेगाची नाहीच, साइट्सवरच्या बंदीची आहे.

आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार साइट बंद करायला सांगतं. कशी करायची ते आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) आपापलं बघते. कुणी डीएनएसचं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं) उत्तर खोटं देते, कुणी टीएलएस (साइटशी होणारं कूटबद्ध कनेक्शन) सुरू होताना उघडं जाणारं साइटचं नाव वाचून कनेक्शन तोडते. म्हणून एखादी साइट हॉलच्या वायफायवर उघडते आणि मोबाइलवर नाही. डीएनएस एन्क्रिप्ट केलं तरी दुसरा अडसर, नाव वाचून तोडण्याचा, तसाच राहतो. पर्यटकाला याचं काही नसतं. प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम) तपासणाऱ्याला मात्र पडद्यावर नुसतं ‘कनेक्शन रीसेट’ दिसतं आणि चूक कोडची की बंदीची, यात दुपार जाते. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरावरची डिजिटल सही) तपासणारा रिझॉल्व्हर, म्हणजे पत्ता शोधून देणारा सर्व्हर, तर सही असलेल्या डोमेनचं खोटं उत्तर नाकारून ‘सर्व्हफेल’ ही चूक देतो. २०१४ सरताना बंद केलेल्या ३२ साइट्सच्या यादीत गिटहब (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) ही होतं, हे विसरू नका.

आयईटीएफने (इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संस्थेने) नोव्हेंबर २०१० मध्ये ७९वी बैठक बीजिंगला घेतली, तेव्हा बैठकीच्या नेटवर्कवर गाळणी नसेल हे आधीच ठरवून घेतलं होतं. इथलं हॉटेल असा शब्द देऊ शकत नाही. बंदीचे आदेश पाळणं ही आयएसपीच्या परवान्याचीच अट आहे. तेव्हा स्वतःचा राउटर आणा आणि आपल्या संस्थेच्या परदेशातल्या नेटवर्कपर्यंत टनेल (व्हीपीएनसारखी कूटबद्ध वाट) टाका. सर्ट-इनचे (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) २८ एप्रिल २०२२चे ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे नियम व्हीपीएन विकणाऱ्यांना आहेत, कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला नाहीत.

वायफाय जोडताना ओटीपी मागणारं लॉगिन पोर्टल हॉलपुरतं काढायला लावा: ओटीपी परदेशी नंबरांवर बहुधा पोचतच नाही. नाहीतर नोंदणीच्या टेबलावर पासपोर्ट बघून कूपन द्या. डीएचसीपीत (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेत) पत्ते २५४च. माणशी तीन उपकरणं धरली तर ८५व्या माणसाच्या तिन्ही उपकरणांना पत्ते पुरत नाहीत. पत्त्याची मुदत (लीज) २४ तासांवरून एका तासावर आणा, त्याहून बरं म्हणजे मोठा सबनेट (पत्त्यांचा गट) मागा.

पाहुण्यांना एवढं आधीच कळवा: विनापरवाना सॅटेलाइट फोन नको, ट्रेकिंगचे सॅटेलाइट मेसेंजरही नकोत. गोव्याच्या विमानतळावर विदेशी पाहुणे यात अडकले आहेत.

देशी कार्यशाळेला पाचपैकी चार. टनेलशिवाय आंतरराष्ट्रीय बैठकीला दोन. आणि बॅकअप लाइन दाखवताना ती मुख्य लाइनच्याच चरातून आलीय का, ते गेटबाहेर जाऊन बघा.