१९६६-६७, १९७०-७१ की १९९२-९३? एनएचएलचा कोणता मोसम पुन्हा खेळावा

आइस हॉकीचा जुना मोसम, खेळाडूंच्या खऱ्या आकडेवारीवर बेतलेल्या खेळातून, घरी पुन्हा खेळायचा तर आधी मोसम ठरवा. स्ट्रॅट-ओ-मॅटिकसारख्या टेबलावरच्या खेळाचे पत्ते (प्रत्येक खेळाडूचा एक) घ्यायचे की संगणकावर खेळायचं, हे त्या वर्षीचे सामने मोजले की आपोआप ठरतं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगचे तीन मोसम समोर ठेवतो. तिन्ही सुंदर आहेत, पण तिघांना लागणारा संयम सारखा नाही.

१९६६-६७ मध्ये लीगमध्ये सहाच संघ होते. प्रत्येकाचे ७० सामने, एकूण २१०. रोज एक सामना खेळलात तर सात महिन्यांत साखळी संपते. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी १४ वेळा भिडतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत राखीव खेळाडूसुद्धा नावानिशी ओळखीचे होतात. शिकागो ९४ गुणांसह पहिला, त्यात स्टॅन मिकिटाचे ९७ गुण (गोल आणि साहाय्य, म्हणजे गोलाआधीचे पास, मिळून) आणि बॉबी हलचे ५२ गोल. टोरोंटो ७५ गुणांवर तिसरा. हा संघ मध्यंतरी सलग दहा सामने हरला होता, प्रशिक्षक ‘पंच’ इमलाक नंतर काही काळ रुग्णालयात होते, आणि गोलमध्ये ४२ वर्षांचा जॉनी बाउअर नि ३७ वर्षांचा टेरी सॉचक. तरी साखळीनंतरच्या बाद फेऱ्या, म्हणजे प्लेऑफ (प्रत्येक फेरीत आधी चार सामने जिंकणारा पुढे), जिंकून स्टॅनली कप हे विजेतेपद त्यांनीच नेलं. तो कप त्यांचा आजवरचा शेवटचा; टोरोंटोत राहणाऱ्या मराठी मंडळींना १९६७ हे साल वेगळं सांगायला नको. तुमच्या टेबलावर मात्र शिकागो जिंकण्याची शक्यता जास्त. पत्ते ७० सामन्यांच्या सरासरीवर बनतात, वसंतातल्या प्लेऑफच्या थोड्या आठवड्यांवर नाही.

१९७०-७१ हा माझा सर्वांत आवडता. १४ संघ, प्रत्येकी ७८ सामने, एकूण ५४६. म्हणजे रोज एक धरला तर दीड वर्ष. बॉस्टननं त्या वर्षी ३९९ गोल केले, गोलांत दुसऱ्या क्रमांकावरच्या मॉन्ट्रियलपेक्षा १०८ जास्त. फिल एस्पोझिटोचे ७६ गोल आणि १५२ गुण. बॉबी ऑर बचावफळीत खेळून १०२ साहाय्य देतो. खेळाडूंच्या गुणतक्त्यातले पहिले चौघेही बॉस्टनचेच. असा संघ हाताळण्याचा आनंद एकदा घ्यावाच. एस्पोझिटोचे ७६ ऐवजी ६६ किंवा ८५ गोल झाले तर पत्ते सदोष आहेत असं समजू नका. एवढ्या मोठ्या संख्येत आठ-दहा गोलांचा चढउतार निव्वळ योगायोगानं येतो.

खरी परीक्षा मॉन्ट्रियलच्या गोलमध्ये आहे. केन ड्रायडन त्या साखळीत फक्त सहा सामने खेळला, सहाही जिंकला, सामन्यामागे सरासरी १.६५ गोल खाल्ले. मग प्लेऑफमध्ये मॉन्ट्रियलचे वीसही सामने तोच खेळला. पहिल्या फेरीत बॉस्टनला सात सामन्यांत घरी पाठवलं, अंतिम फेरीत शिकागोला, तेही सात सामन्यांत. सहा सामन्यांवरून पत्ता बनवला तर हा मुलगा जवळपास अभेद्य ठरतो. पण प्लेऑफमध्ये त्याची खरी सरासरी ३.०० होती. उलट, ‘जेवढे सामने खरे खेळला तेवढेच’ हा नेहमीचा नियम लावलात तर तो प्लेऑफला उपलब्धच नसतो, आणि त्या वर्षाची सगळी गोष्टच हातातून जाते. इतका छान पेच दुसऱ्या मोसमात मला दिसलेला नाही.

१९९२-९३ कागदी पत्त्यांवर घेऊ नका. २४ संघ, ८४ सामने, एकूण १००८. पावणेतीन वर्षं लागतील. संगणक असेल तर जरूर. मारिओ लेम्यूनं कर्करोगावरच्या उपचारांसाठी दोन महिने बाहेर राहूनही ६० सामन्यांत १६० गुण केले. त्याला सगळे सामने खेळवायचे की खऱ्यासारखं बाहेर ठेवायचं, हा एकच निर्णय पिट्सबर्गचा मोसम बदलतो. तळाला ओटावा १० विजयांवर आणि सॅन होजे ११ वर, त्यांचे सामने खेळणं मात्र कंटाळवाणं होतं. मॉन्ट्रियलनं त्या प्लेऑफमध्ये जादा वेळेत गेलेले सलग दहा सामने जिंकले. प्रत्येक सामना समसमान धरला तर ही शक्यता १०२४ मध्ये एक, तेव्हा ती तुमच्याकडून होईल अशी आशा धरू नका.

नियमांतला एक फरक लक्षात ठेवा. पहिल्या दोन मोसमांत साखळी सामना बरोबरीत सुटला की तिथेच संपतो. १९९२-९३ मध्ये पाच मिनिटांचा जादा वेळ आहे.

हे सगळं पहिल्यांदाच करत असाल आणि पत्ते हातात धरायला आवडत असतील, तर १९६६-६७ घ्या. पण मन १९७०-७१ कडे ओढत असेल तर माघार घेऊ नका: फक्त मॉन्ट्रियलचे ७८ सामने खेळा, बाकीचे निकाल खरेच ठेवा, म्हणजे काम अडीच महिन्यांवर येतं. अट एकच. ड्रायडनला मार्चच्या मध्याआधी मैदानात आणायचं नाही, त्याच्या पत्त्याचा दर्जा मुख्य गोलरक्षक रोगी वाशाँच्या आसपास खाली आणायचा, आणि प्लेऑफला सामन्यांची मर्यादा काढायची. हे तिन्ही नियम ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्याआधीच लिहून ठेवा. बॉस्टनकडून दोन सामने हरल्यावर ठरवायला बसलात तर हात आपसूक ड्रायडनकडे झुकतो.